जर्मन समाजवाद: मार्क्स सोडून बाकीचे रस्ते कुठे गेले?

गोदातीर

जर्मन समाजवाद म्हटलं की आपल्याकडची चर्चा मार्क्स-एंगल्सपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पण जर्मन कामगारांचा पहिला स्वतंत्र राजकीय पक्ष मार्क्सने काढलेला नाही. २३ मे १८६३ रोजी लाइपझिगमध्ये 'सर्वसाधारण जर्मन कामगार संघ' स्थापन झाला तो फर्डिनांड लासालच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस लासाल द्वंद्वयुद्धातल्या जखमेने जिनिव्हाजवळ गेला. तेव्हा संघाचे सभासद साडेचार हजारांच्या आसपास होते, पण त्याने घालून दिलेली मांडणी पुढे जवळजवळ तीस वर्षं पक्षात टिकली.

ती मांडणी चार पायऱ्यांची आहे:
१. कामगाराची मजुरी जेमतेम पोट भरण्याच्या पातळीभोवतीच फिरते. हा 'मजुरीचा लोहनियम'.
२. म्हणून बचत, पतपेढ्या, काटकसर यांनी कामगारवर्गाची सुटका नाही. त्याने स्वतःच स्वतःचा मालक झालं पाहिजे, म्हणजे उत्पादक सहकारी संस्था काढल्या पाहिजेत.
३. एवढं भांडवल कामगारांकडे नाही, ते राज्याने पुरवावं.
४. राज्य ते आपणहून देणार नाही, म्हणून आधी सार्वत्रिक, समान आणि थेट मताधिकार.

या साखळीत नेमकी कच्ची कडी कोणती? आणि कोणी ती प्रत्यक्ष करून पाहिली का? मार्क्स बरोबर की चूक हा वाद इथे नको. जे मार्क्सवादी नव्हते त्यांच्या योजना कुठे अडल्या, हे समजून घ्यायचं आहे.

शाईदौत

पहिलीच कडी कच्ची. लोहनियम उभा आहे लोकसंख्येच्या गृहीतकावर: मजुरी वाढली की कामगारांची मुलं जास्त जगतात, हात वाढतात, मजुरी पुन्हा खाली येते. हे मूळ इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसचं. १८७५ साली गोथा इथे लासालवाले आणि बेबेल-लिबक्नेश्टचा, आयसेनाख गावी निघालेला दुसरा कामगार पक्ष एक झाले (हाच पुढचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष), तेव्हा हा नियम नव्या कार्यक्रमात जसाच्या तसा आला. त्यावर मार्क्सचा आक्षेप असा होता की मजुरी जर लोकसंख्येने ठरत असेल तर मजुरीपद्धत रद्द करूनही उपयोग नाही, तो नियम समाजवादातही पाठ सोडणार नाही.

मार्क्सची ही टिपणं पक्षनेत्यांना खासगीत पाठवलेली होती. एंगल्सने ती छापली १८९१ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. त्याच वर्षी एरफुर्टला पक्षाने स्वीकारलेल्या नव्या कार्यक्रमातून लोहनियम आणि सरकारी भांडवलावरच्या संस्था दोन्ही गेल्या. याचा अर्थ, ज्या पक्षाला आपण 'मार्क्सवादी' म्हणतो त्याचा अधिकृत कार्यक्रम १८७५ ते १८९१ लासालचा ठसा घेऊन वावरत होता.

पेठेतला_वाचक

करून पाहिलं का, या प्रश्नाचं उत्तर 'हो, अगदी छोट्या प्रमाणावर'. १८६४ मध्ये सायलेशियातल्या विणकरांचं शिष्टमंडळ गिरणीमालकांविरुद्ध तक्रार घेऊन बर्लिनला गेलं. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने राजाशी त्यांची गाठ घालून दिली आणि विणकरांच्या उत्पादक संस्थेसाठी पैसे मिळवून दिले. लासाल आणि बिस्मार्क यांच्या गाठीभेटी १८६३-६४ च्याच, त्यामुळे तोच विचार इथे दिसतो. ती संस्था फार काळ टिकली नाही.

तिसरी आणि चौथी कडी उलट्या क्रमाने घडल्या हेही बघा. सार्वत्रिक पुरुष मताधिकार १८६७ मध्ये उत्तर जर्मन संघराज्याच्या संसदेसाठी आला, तो बिस्मार्कनेच दिला, आणि कामगारांना भांडवल देण्यासाठी दिला नाही. मत मिळालं की राज्य आपलं होईल, हे लासालचं गणित तिथे तुटलं.

चाफेकळी

लासालच्या आधीचा विल्हेल्म वाइटलिंग राहिला. माग्देबुर्गचा शिंपी, जन्म १८०८. १८४२ च्या पुस्तकात त्याने जी व्यवस्था मांडली तिचा तपशील वाचण्यासारखा आहे. प्रत्येकाने ठरलेले तास समाजासाठी काम करायचं, त्यावर सगळ्यांच्या गरजा सारख्या भागतात. ज्याला चैनीची वस्तू हवी त्याने वरचे तास काम करायचं. ते 'व्यापारी तास' वैयक्तिक पुस्तिकेत नोंदवायचे आणि त्या बदल्यात वस्तू घ्यायची. गरज समान आणि हौस ऐच्छिक, अशी सरळ विभागणी.

यात त्रुटी आहे ती किमतीची. घड्याळाला किती तास आणि अत्तराच्या बाटलीला किती, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं? टंचाई असली की त्या वस्तूची तासांतली किंमत वाढवायची म्हणजे बाजार मागच्या दाराने परत आला.

३० मार्च १८४६ ला ब्रसेल्समध्ये मार्क्सने भर बैठकीत त्याला झापलं. अज्ञानाने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही, असं मार्क्स टेबलावर मूठ आपटून म्हणाल्याचं तिथे हजर असलेल्या रशियन लेखक आनेन्कोव्हने लिहून ठेवलंय. वाइटलिंग पुढे अमेरिकेत गेला.

सहकारी_खातेवही

गोदातीर, तुमच्या दुसऱ्या पायरीतली 'पतपेढ्यांनी सुटका नाही' ही टीका हवेतली नव्हती. ती हेरमान शुल्त्स-डेलिच या उदारमतवादी न्यायाधीशावर होती. ही दोन माणसं आणि तिसरा राइफआयझन असे शेजारी ठेवले की यंत्रणा कळते.

शुल्त्सची पतसंस्था: शहरातले कारागीर आणि छोटे दुकानदार. भाग मोठ्या रकमेचा, हप्त्याने भरायचा. कर्ज अल्प मुदतीचं, बहुधा तीन महिन्यांचं. भागावर लाभांश. पदाधिकाऱ्यांना पगार. सरकारी पैसा अजिबात नाही.

राइफआयझनची पतसंस्था (हेडेसडॉर्फ, १८६४): एका गावापुरती, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात. भाग नाही किंवा नाममात्र. सगळ्या सभासदांची अमर्यादित जबाबदारी, म्हणजे एकाने बुडवलं तर बाकीच्यांची जमीन अडकते. कर्ज फक्त सभासदालाच आणि पीक हातात येईपर्यंत पुरेल एवढ्या मुदतीचं. हिशेबनीस सोडून कोणालाही मोबदला नाही. नफा वाटायचा नाही, तो अविभाज्य राखीव निधीत.

अमर्यादित जबाबदारी ऐकायला भयंकर वाटते, पण तीच तपासणीचं काम करते. शेजाऱ्याने बैलासाठी घेतलेलं कर्ज लग्नात उडवलं तर आपलं नुकसान, म्हणून शेजारी लक्ष ठेवतो. मोठ्या शहरात हे चालत नाही, कारण तिथे कोण कोणावर लक्ष ठेवणार?

आपला खरा धागा इथे जुळतो. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सनने १८९० च्या दशकात अहवाल दिला, त्याचं सार 'राइफआयझन शोधा' असं होतं. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थेला अमर्यादित जबाबदारी आणि नफा राखीव निधीत, तर शहरी संस्थेला जबाबदारीचा पर्याय खुला. जर्मनीतली ती दोन नमुन्यांची विभागणी जवळपास जशीच्या तशी. फक्त वर सरकारी निबंधक बसवला, जो मूळ दोन्ही नमुन्यांत नव्हता.

शाईदौत

माहिती उत्तम, पण यातले दोघेही समाजवादी नव्हते. शुल्त्स उदारमतवादी प्रगतीपक्षाचा, राइफआयझन धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट महापौर. धागा समाजवादी विचाराचा आहे.

सहकारी_खातेवही

मान्य. पण लासाल ज्याच्याशी भांडत होता तो माणूस बाहेर ठेवला तर लासालही नीट कळत नाही. माइन्झचे बिशप केटेलर तरी समाजवादी कुठे होते? त्यांनी १८६४ मध्ये नाव न सांगता लासालला पत्र लिहून उत्पादक संस्थांबद्दल विचारलं होतं. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या कामगार-प्रश्नावरच्या पुस्तकात लोहनियमही आहे आणि उत्पादक संस्थाही. फक्त भांडवल राज्याऐवजी ख्रिस्ती दानातून यावं, एवढा बदल.

उंबरठा

उत्पादक संस्था का टिकत नाहीत याचं सर्वांत नेमकं उत्तर फ्रान्झ ओपेनहायमरने दिलं. हा आधी बर्लिनमधला डॉक्टर, नंतर अर्थशास्त्रज्ञ, पुढे फ्रांकफुर्टला समाजशास्त्राचा प्राध्यापक. १८९६ च्या पुस्तकात त्याने 'रूपांतराचा नियम' मांडला.

कामगारांची उत्पादक संस्था तीन उणिवांमुळे मरते: भांडवल कमी, गिऱ्हाईक कमी, शिस्त कमी. आणि यातून एखादी वाचली, चांगला नफा करू लागली, की ती दुसऱ्या प्रकारे मरते. नवा सभासद म्हणजे नफ्यात नवा वाटेकरी, म्हणून जुने सभासद दार बंद करतात. जास्त काम आलं की पगारी मजूर ठेवतात. काही वर्षांत ती भागीदारांची खासगी कंपनी होते, नावात तेवढं 'सहकारी' उरतं.

याचं कारण तो माणसाच्या लोभात शोधत नाही, जागेत शोधतो. विकणाऱ्यांच्या संस्थेचं हित दार बंद ठेवण्यात असतं. विकत घेणाऱ्यांच्या संस्थेचं हित दार उघडं ठेवण्यात, कारण जितके ग्राहक जास्त तितकी घाऊक खरेदी स्वस्त. म्हणून ग्राहक भांडार वाढत जातं आणि उत्पादक संस्था आक्रसते.

त्याचा उपाय 'वसाहती सहकार': आधी जमीन, तिच्यावर शेती, शेतीच्या मागणीवर कारागीर, सगळे एकाच संस्थेत घेणारेही आणि विकणारेही. मुळात मजूर स्वस्तात मिळतो तो जमीनदारांनी जमीन अडवून धरल्यामुळे, हे त्याचं निदान. जमीन खुली झाली तर बाजार राहूनही शोषण जाईल, म्हणून तो स्वतःच्या विचाराला 'उदारमतवादी समाजवाद' म्हणे. पॅलेस्टाइनमधल्या मेरहाविया इथे १९११ मध्ये त्याच्या आराखड्यावर सहकारी शेती सुरू झाली. मोबदला कामानुसार असावा की समान, यावर सभासद आणि व्यवस्थापक यांचं पटलं नाही आणि तो आराखडा मागे पडला.

चाफेकळी

प्रतिसाद अप्रतिम. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर

उंबरठा यांच्या प्रतिसादाला जोडून: एकमेकांचे कट्टर विरोधक या एका मुद्द्यावर जवळजवळ एकच बोलतात. पक्षाच्या डाव्या बाजूची रोझा लुक्सेंबुर्ग १८९९ च्या पुस्तिकेत म्हणते की उत्पादक संस्थेत कामगाराला स्वतःचाच भांडवलदार व्हावं लागतं. स्पर्धेत टिकायचं तर कामाचे तास, वेग, मजुरी बाजार ठरवील तशी. मग संस्था एक तर निव्वळ भांडवली धंदा होते, नाहीतर कामगारांचं हित वरचढ ठरून मोडते.

आणि ज्याच्याविरुद्ध ती लिहीत होती तो पक्षातलाच सुधारणावादी एडुआर्ड बर्नस्टाइन? तोही त्याच वर्षीच्या पुस्तकात ओपेनहायमरचा आधार घेऊन उत्पादक संस्था नाकारतो. त्याचं कारण मात्र कारखान्याच्या आतलं आहे. ज्या मुकादमाने हुकूम द्यायचा त्याची नोकरी रोज त्याच माणसांच्या मतावर अवलंबून असेल, तर तो हुकूम देऊच शकत नाही. त्यामुळे बर्नस्टाइनचा भर ग्राहक भांडारं, कामगार संघटना आणि नगरपालिका यांवर.

हे कागदावरच नव्हतं. हाम्बुर्गमध्ये १८९९ ला 'प्रोडुक्त्सिओन' नावाची ग्राहक संस्था निघाली. सभासदाला खरेदीवर मिळणारी सूट हातात न देता ठराविक रकमेपर्यंत त्याच्या संकटनिधीत साठवायची, म्हणजे संप किंवा बेकारीत ती उपयोगी पडते आणि तोवर संस्थेला खेळतं भांडवल मिळतं. त्यातून पावभट्ट्या, खाटीकखाना, घरं. गिऱ्हाईक आधी बांधलेलं असल्याने उत्पादनाला मागणीची चिंता नाही. ओपेनहायमरच्या तीन उणिवांपैकी दोन इथे मिटतात.

पेठेतला_वाचक

बर्नस्टाइनचा उल्लेख आला की लोक 'ध्येय काही नाही, चळवळ सर्व काही' एवढंच वाक्य फेकतात. त्याचं खरं काम आकडेवारीवरचं आहे. १८८२ आणि १८९५ च्या जनगणना शेजारी ठेवून त्याने दाखवलं की ५ ते २० हेक्टरची मधली शेतं संपलेली नाहीत, उलट वाढली आहेत. उत्पन्नकराच्या नोंदींत मधला थर विरघळताना दिसत नाही. ज्या शेतकऱ्याने पुढेमागे कामगार व्हायचं असं पक्ष गृहीत धरून बसलाय, तो होणारच नसेल तर त्याला काय द्यायचं? बव्हेरियातला पक्षनेता फोल्मार हेच विचारत होता. पण १८९५ च्या ब्रेस्लाउ अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम फेटाळला. याची किंमत पक्षाने खेड्यांत बरीच वर्षं मोजली असं माझं मत आहे.

१९०३ ला ड्रेस्डेनमध्ये सुधारणावादाविरुद्ध ठराव झाला, तरी व्यवहारात पक्ष त्याच वाटेने चालत राहिला.

निंबोणी

प्राध्यापक मंडळी कशी विसरलात? श्मोलर, आडोल्फ वाग्नर, ब्रेन्टानो. १८७२ ला आयसेनाखमध्ये जमून त्यांनी सामाजिक धोरणाचं मंडळ उभं केलं. विरोधकांनी 'व्यासपीठी समाजवादी' म्हणून हिणवलं, तेच नाव चिकटलं. यांच्याही मते बदल घडवणारी शक्ती राज्यच, पण मतदाराने जिंकलेलं नव्हे. तटस्थ नोकरशाही आणि राजा.

शाईदौत

त्यांना समाजवादी म्हणणं ताणून-ओढून आहे. ब्रेन्टानो तर कामगार संघटनांना मानणारा उदारमतवादी होता. आणि बिस्मार्कचे विमा कायदे म्हणजे समाजवाद्यांवर १८७८ ते १८९० बंदी घालून सोबत दिलेली लाच.

निंबोणी

हेतू तोच होता, पण कायद्याची कलमं बघा.

१८८३ चा आजारविमा: वर्गणीचा दोन तृतीयांश कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. मतंही त्याच प्रमाणात. म्हणजे स्थानिक आजारनिधीच्या कारभारात दोन तृतीयांश जागा कामगारांच्या. पक्षाच्या सभा, वर्तमानपत्रं बंद असताना कार्यकर्त्यांना हिशेब, कारकुनी, वाटाघाटी शिकायला कायदेशीर जागा मिळाली ती ही.

१८८४ चा अपघातविमा: वर्गणी पूर्ण मालकाची, म्हणून कारभारही मालकांच्या मंडळांकडे. मेख अशी की अपघातानंतरचे पहिले १३ आठवडे खर्च आजारनिधीवर. बहुतेक जखमा त्याआधी बऱ्या होतात, म्हणजे किरकोळ अपघातांचा मोठा वाटा कामगाराच्याच खिशातून.

१८८९ चं वृद्धत्व वेतन: वय ७०, वर्गणी निम्मी-निम्मी आणि प्रत्येक वेतनाला साम्राज्याकडून वर्षाला ५० मार्क.

पैसा कोण भरतो त्यावर सत्ता कोणाची हे ठरलं. लासालने हाच प्रश्न अर्धवट सोडला होता. राज्याने भांडवल दिल्यावर राज्य त्या संस्थेत काय म्हणून बसेल?

उंबरठा

शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

चाफेकळी

राज्य नकोच म्हणणाऱ्यांचं काय? गुस्ताफ लांडाउअर. त्याच्या मते राज्य म्हणजे फोडून टाकायची वस्तू नाही, माणसांमधला एक संबंध आहे. आपण एकमेकांशी वेगळ्या रीतीने वागू लागलो की तो संपतो. १९०८ ला त्याने 'समाजवादी संघ' काढला. क्रम असा: आधी थोड्या लोकांनी आपली खरेदी एकत्र आणायची, त्या मागणीवर स्वतः उत्पादन करायचं, परस्पर पत उभी करायची आणि मग जमिनीवर वसाहत. उद्यापासून सुरू करा, क्रांतीची वाट पाहू नका. अडलं ते शेवटच्या पायरीवर: जमीन विकत घ्यायला पैसा कुठून? गट निघाले, वसाहती जवळपास नाहीत.

१९१९ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या पहिल्या परिषद-प्रजासत्ताकात (कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या नावाने चाललेलं क्रांतिकारी सरकार) तो शिक्षण खात्याचा प्रमुख झाला. त्याच सरकारात अर्थखातं आठवडाभर चलनसुधारक सिल्व्हिओ गेझेलकडे होतं. २ मे ला श्टाडेलहाइम तुरुंगात सैनिकांनी लांडाउअरला ठार मारलं. त्याचा विचार पुढे नेला तत्त्वज्ञ मार्टिन बूबरने.

बोरूबहाद्दर

गेझेलचा विषय निघालाच आहे तर: त्याचं 'मुक्त चलन' दर आठवड्याला हजारात एक, म्हणजे वर्षाला ५.२ टक्के झिजतं. नोटेवर तिकीट चिकटवल्याशिवाय ती पूर्ण किमतीला चालत नाही, म्हणून कोणी साठवत नाही. १९३२ ला ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने महिना एक टक्का दराने हे केलं, पगार आणि रस्त्याची कामं त्यातून भागवली. पुढच्या वर्षी मध्यवर्ती बँकेने बंद पाडलं. चलनाचा हक्क कोणतंही राज्य सोडत नाही, तो प्रयोग तिथेच संपणार होता.

शाईदौत

एक सावधगिरीचा शब्द. 'मार्क्सला पर्याय' म्हणून सगळंच गोळा करू नये. १८७० च्या दशकात बर्लिनचा ऑइगेन ड्युरिंग पक्षातल्या अनेकांना मोठा वाटत होता, आणि एंगल्सने त्याच्यावर लेखमाला लिहिली ती त्यामुळेच. तो स्वायत्त आर्थिक कम्यूनची भाषा करायचा आणि त्याच वेळी उघड ज्यूद्वेष्टा होता. त्याचा द्वेष विचारापासून वेगळा काढता येत नाही.

निंबोणी

आणि नीतीच्या पायावरचे? मारबुर्गचा तत्त्वज्ञ हेरमान कोहेन अठराव्या शतकातल्या कांटला जर्मन समाजवादाचा खरा जनक म्हणायचा: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्व मजुरीच्या कराराला लावून बघा. ग्योटिंगेनचा लेओनार्ड नेल्सन आणखी पुढे गेला. त्याच्या गटात मांस नाही, दारू नाही, चर्चचं सभासदत्व सोडायचं आणि निर्णय बहुमताने नाहीत, कारण सत्य मतदानाने ठरत नाही. १९२५ ला सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना काढून टाकलं. पण नाझी काळात याच शिस्तीच्या छोट्या गटाने शाकाहारी खाणावळी चालवून भूमिगत कामाला पैसा पुरवला.

त्या गटाचा विली आइश्लर पुढे बहुमत मानणारा झाला आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नव्या, गोडेसबर्ग कार्यक्रमाच्या मसुद्यामागचा मुख्य माणूस ठरला. नोव्हेंबर १९५९, ३२४ विरुद्ध १६ मतं. स्वातंत्र्य, न्याय, एकजूट ही मूल्यं. त्यात मार्क्सचं नाव नाही.

गोदातीर

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. लोहनियम चुकीचा, मताधिकाराने राज्य हातात आलं नाही, उत्पादक संस्था आतून बदलते. पण सरकारी भागभांडवलावर चाललेल्या सहकारी संस्था आपल्याकडे तर दशकानुदशकं उभ्या आहेत. मग साखर कारखाने हे लासालचं उदाहरण मानायचं का?

सहकारी_खातेवही

अर्धं. ग्रामीण पतपुरवठ्यावरच्या गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालाने सहकारात राज्याची भागीदारी सुचवली आणि पुढे भाग घेऊन राज्य संस्थेत आलं. भांडवलाची बाजू लासालची म्हणता येईल. पण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभा केलेला कारखाना ऊस पिकवणाऱ्यांचा आहे, गाळणाऱ्यांचा नाही. सभासद शेतकरी. कारखान्यातला कामगार पगारी, ऊसतोड मजूर तर मुकादमाच्या उचलीवर. ओपेनहायमरच्या भाषेत ही ऊस विकणाऱ्यांची संस्था आहे. तिला नवा सभासद घेताना गाळपक्षमता आणि क्षेत्र बघावंच लागतं, आणि भाव वाढवायचा तर तोडणीचा खर्च कमी ठेवणं सभासदाच्या हिताचं ठरतं. लासालचा कामगार या रचनेत सभासदाच्या यादीत सापडत नाही.

बोरूबहाद्दर

आणि बर्नस्टाइनच्या मुकादमाचा पेच जर्मनीत सुटला तो मालकी न बदलता. १९५१ चा कोळसा-पोलाद कायदा: हजारावर कामगार असतील तर देखरेख मंडळात भागधारकांचे पाच, कामगारांच्या बाजूचे पाच, अकरावा दोघांना मान्य असलेला. शिवाय कार्यकारी मंडळात एक कामगार-संचालक, ज्याची नेमणूक कामगार प्रतिनिधींच्या बहुमताविरुद्ध करता येत नाही. रोजचा हुकूम व्यवस्थापन देतं, व्यवस्थापकाला नेमणाऱ्यांत कामगार निम्मे. १९७६ ला दोन हजारांवरच्या बाकी कंपन्यांना निम्म्या जागा लागू झाल्या, पण मतं समान पडली तर अध्यक्षाला जादा मत, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचा. हे जादा मत असूनही मालकसंघटना या कायद्याविरुद्ध संविधान न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९७९ मध्ये हरल्या.

गोदातीर

ते जादा मत म्हणजे तुमच्या मते १९५१ पेक्षा माघार?

बोरूबहाद्दर

हो. १९५१ मध्ये अडलं तर तिसऱ्या माणसाला पटवावं लागतं. १९७६ मध्ये अडलं तर भांडवल जिंकतं.